मानसोल्लासातील अन्नभोग : शब्द, पदार्थ आणि पंगत

१

ग्रंथकाराची रसना आणि त्याची लेखणी यांच्यातील नात्याचा विचार वाङ्मयेतिहासात क्वचितच गांभीर्याने केला जातो. भोजन हा नित्याचा व्यवहार; त्यात इतिहासाने टिपून ठेवावे असे काय आहे, अशी समजूत त्यामागे असावी. परंतु ज्या लेखनात भोजनाचे वर्णन प्रीतीने आणि बारकाईने आलेले असते, ते लेखन भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासकाला असे काही देऊन जाते की जे प्रशस्तीत अगर वंशावळीत सापडत नाही. पदार्थाचे नाव हा भाषेचा पुरावा होय. पदार्थाची कृती हा व्यवहाराचा पुरावा होय. आणि तो पदार्थ कोणी कोणाबरोबर बसून खाल्ला, हा समाजाचा पुरावा होय. हे तिन्ही पुरावे एकाच ठिकाणी तपासता येतील असा दक्षिणेतील एक ठळक ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' अथवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा होय.

सोमेश्वर इ. स. ११२६ पासून ११३८ पर्यंत राज्यावर होता. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य याने सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. बिल्हणाने 'विक्रमांकदेवचरित' रचले ते याच विक्रमादित्याविषयी. बिल्हणाच्या त्या काव्यात कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येचे, चंद्रलेखेचे स्वयंवर वर्णिलेले आहे. कोल्हापूर व कऱ्हाड या प्रदेशांवर सत्ता चालविणारे शिलाहार हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. आणि शिलाहार गंडरादित्य हा सोमेश्वराचा समकालीन. तेव्हा आज बीदर जिल्ह्यात असलेल्या बसवकल्याणच्या राजपाकशाळेचे वर्णन कोल्हापूरच्या वाचकाला दूरचे वाटण्याचे कारण नाही. एकाच राज्यव्यवहाराच्या परिघातील ते अन्न होते.

२

मानसोल्लासाची रचना शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ मध्ये झाली. पाच विंशती आणि प्रत्येक विंशतीत वीस अध्याय, असा हा शंभर अध्यायांचा संस्कृत कोशग्रंथ आहे. राज्य कसे मिळवावे, ते स्थिर कसे करावे, त्याचा उपभोग कसा घ्यावा, मनाचा प्रमोद कशात आहे आणि क्रीडा कोणत्या, असा त्याचा क्रम. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेले त्याचे तीन खंड अनुक्रमे १९२५, १९३९ व १९६१ या वर्षी प्रसिद्ध झाले. अन्नभोग आणि पानीयभोग ही प्रकरणे तिसऱ्या, म्हणजे उपभोगाच्या विंशतीत येतात.

या प्रकरणांत प्रथम जाणवते ती लेखकाची आवड. तांदळाच्या आठ जाती तो नावानिशी सांगतो : रक्तशाली, महाशाली, गंधशाली, कलिंगक, मुंडशाली, स्थूलशाली, सूक्ष्मशाली आणि साठ दिवसांत येणारी षाष्टिक. धान्य निवडणे, धुणे, वाळविणे, दळणे, चाळणे या क्रिया तो वगळत नाही. मंडकाची कणीक कशी मळावी, तिचे गोळे हातांनी कसे पसरावे आणि तापलेल्या खापरावर ते कसे भाजावे, हे तो ज्या तपशिलाने लिहितो तो तपशील केवळ ऐकीव माहितीचा नव्हे. ज्याने पाकशाळेत डोकावून पाहिले आहे अशा माणसाचा आहे. ऋतूंप्रमाणे आहार कसा बदलावा, हेही तो सांगतो : वसंतात कटु, ग्रीष्मात मधुर व शीत, वर्षाऋतूत लवणयुक्त, शरदात मधुर, हेमंतात स्निग्ध व उष्ण आणि शिशिरात उष्ण व आम्ल. यात वैद्यकाचा आधार आहे. परंतु स्वर रसिकाचा आहे.

मांसाहाराविषयी लिहितानाही त्याला संकोच नाही. वराह, हरिण, ससा, पक्षी व मासे यांच्याबरोबर कासव आणि शेतातील उंदीर यांच्याही कृती तो त्याच शांतपणे सांगतो. पुढील काळात दक्षिणेच्या प्राचीन आहाराचे जे सोज्ज्वळ आणि एकरंगी चित्र रंगविले गेले, त्यात या कृतींना जागा उरली नाही. ग्रंथातील मांडे व पुऱ्या आवडीने उद्धृत कराव्यात आणि त्याच प्रकरणातील वराहमांसाविषयी मौन पाळावे, ही निवड इतिहासाची नव्हे, निवडणाऱ्याच्या अभिरुचीची होय.

३

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अन्नभोगातील नामावली मोलाची आहे. मंडक, पोलिका, पूरिका, वटिका, धोसका, इडरिका, घारिका, शिखरिणी ही नावे वाचताच मराठी वाचकाला मांडे, पोळी, पुरी, वडी, घारगे, शिकरण यांची आठवण होते. ध्वनिपरिवर्तनाचे मार्गही सरळ दिसतात. 'मंडक' यातील अंत्य 'क' लोपून आधीच्या स्वराला दीर्घत्व आले आणि 'मांडा' झाला. 'पोलिका' यातील दोन स्वरांमधील 'ल' मराठीच्या नियमाप्रमाणे 'ळ' झाला. 'वटक' यातील 'ट' मृदू होऊन 'वडा' सिद्ध झाला.

तथापि येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली दिशेविषयीची. ग्रंथ संस्कृत असल्यामुळे त्यातील रूप मूळ आणि मराठी रूप त्याचा अपभ्रंश, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पाकशाळेतील आचारी संस्कृत बोलत नव्हते. 'पोलिका', 'धोसका' यांसारख्या शब्दांना संस्कृताचा पेहराव असला तरी त्यांचे अंग देशी आहे. इडरिकेचे उदाहरण स्पष्ट आहे. सोमेश्वराच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' हा शब्द येतो. म्हणजे राजाने दरबारच्या कन्नड व्यवहारातील शब्द उचलून त्याला संस्कृत प्रत्यय लावला, असे मानणे अधिक युक्त ठरते. मानसोल्लासाच्या पाकप्रकरणात संस्कृत ही लिहिण्याची भाषा आहे; चुलीजवळची भाषा कन्नड आणि मराठी आहे.

दुसरी सूचना शब्द आणि वस्तू यांच्या संबंधाविषयीची. शब्द टिकला म्हणून वस्तू टिकली असे होत नाही. सोमेश्वराची इडरिका केवळ उडदाची आहे. तिच्यात तांदूळ नाही. त्याची घारिका उडदाच्या पिठाची व तळलेली. आजचे घारगे लाल भोपळा, गूळ आणि कणीक यांचे. सर्वांत बोलके उदाहरण शिखरिणीचे. संस्कृत पाकग्रंथांतील शिखरिणी म्हणजे साखर व सुगंधी द्रव्ये घालून वस्त्रातून गाळलेले दही. मराठीत 'शिकरण' हा शब्द त्याच नावापासून आला. पण आज तो केळी आणि दूध यांच्या मिश्रणाला लावला जातो, तर गाळलेल्या गोड दह्याला 'श्रीखंड' म्हणतात. नाव एका घरी गेले आणि पदार्थ दुसऱ्या घरी. म्हणून एखादा पदार्थ आमच्याकडे नऊशे वर्षांपासून आहे, असे केवळ नावाच्या आधारे सांगणे शास्त्राला धरून नाही.

हेच विधान उलट बाजूनेही खरे आहे. आज कोल्हापूरचे नाव ज्या तांबड्या रश्श्याशी जोडले जाते, त्याचा रंग आणि तिखटपणा ज्या मिरचीमुळे येतो ती सोमेश्वराला ठाऊक असणे शक्य नव्हते. मिरची अमेरिकेतील; पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे ती सोळाव्या शतकात या देशात आली. सोमेश्वराचा तिखटपणा मिरी, आले, मोहरी आणि हिंग यांचा आहे. मात्र नव्या फळाला नाव देताना मराठीने जुन्या मिरीचाच आधार घेतला आणि 'मिरची' हा शब्द रूढ केला. येथे वस्तू नवी आणि शब्द जुन्या कुळातला. खोबऱ्याच्या दुधाचा पांढरा रस्सा, ज्यात लाल मिरचीचे प्राबल्य नसते, तो सोमेश्वराच्या जिभेला कदाचित कमी परका वाटला असता. परंतु यापुढे जाऊन त्याची परंपरा बाराव्या शतकाशी जोडणे हे अनुमानाच्या मर्यादेबाहेरचे आहे.

४

अन्नभोगातील राजा एकटा जेवत नाही. आप्त, आश्रित आणि विश्वासातील मंडळी यांच्यासह तो पात्रावर बसतो. हा भाग केवळ शिष्टाचाराचा नाही. ज्या राजाला विषप्रयोगाचे भय सदैव होते, त्याच्या पंक्तीत बसणे ही विश्वासाची आणि पदाची खूण होती. सहभोजन हे स्नेहाचे सुख तर होतेच. त्याचबरोबर ते राज्याचे साधनही होते. सोमेश्वराने भोजनाचा समावेश उपभोगाच्या विंशतीत केला, पण त्याच्या वर्णनातील पंगत पाहता राज्य स्थिर ठेवण्याच्या विंशतीशीही तिचे नाते आहे, हे लक्षात येते.

या पंगतीत कोण नाही, हेही पाहिले पाहिजे. याचे उत्तर ग्रंथातच दुसऱ्या ठिकाणी सापडते. प्रमोदाच्या विंशतीतील गीतविनोदात सोमेश्वर निरनिराळ्या देशभाषांतील गीतांची उदाहरणे देतो. त्यांतील दशावतारवर्णनाच्या मराठी ओळी मराठीच्या आरंभीच्या नमुन्यांत गणल्या जातात. त्याच ठिकाणी तो नोंदवितो की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. मराठी छंदाच्या इतिहासात ही नोंद प्रसिद्ध आहे. पण अन्नाच्या इतिहासात तिचा विचार व्हावा तसा झालेला नाही. ज्या शालीच्या आठ जाती राजा चवीने सांगतो, त्या शालीचा तांदूळ कांडणाऱ्या स्त्रिया अन्नभोगात कोठेच नाहीत. त्या भेटतात गीताच्या प्रकरणात. त्यांच्या श्रमाचे फळ एका अध्यायात आणि त्यांचा आवाज दुसऱ्या अध्यायात, अशी ही वाटणी आहे. राजाने दोन्ही ऐकले आणि चाखले. दोन्ही एकत्र जोडणे हे काम त्याने पुढच्या अभ्यासकासाठी ठेवले.

५

सोमेश्वरानंतर सुमारे दीडशे वर्षांनी मराठीत भोजनाविषयीचे अगदी निराळ्या जातीचे लेखन निर्माण झाले. म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या भोजनाचे प्रसंग वारंवार येतात. त्यासाठी 'आरोगणा' हा खास आदराचा शब्द आहे. गुजरातीत 'आरोगवुं' हे आदरार्थी क्रियापद आजही आहे, ही गोष्ट गुजरातेतून आलेल्या स्वामींच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. सोमेश्वर विधान सांगतो : पदार्थ असा करावा, असा वाढावा. म्हाइंभट प्रसंग सांगतो : अमुक गावी, अमुक्याच्या घरी, अमुक भक्ताने हे आणले. त्याने या आठवणी नागदेवाचार्यांकडून आणि इतर भक्तांकडून विचारून, पडताळून गोळा केल्या. स्वामींच्या वियोगानंतर त्यांच्यासह केलेली जेवणे आठवणे हाच त्या मंडळींचा आधार होता. येथे पदार्थ साधा आहे. मोल आहे ते सहवासाचे.

आणि येथे पंगतही बदलते. म्हाइंभटाच्याच नावावर असलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात रिद्धपूरचे गोविंदप्रभू महार-मांगांच्या घरी जातात, तेथले अन्न खातात, आणि गावातील प्रतिष्ठितांना ते रुचत नाही. राजपंक्तीत बसण्याचा मान वरून मिळत असे. येथे मान देणारा स्वतः खाली उतरून दुसऱ्याच्या चुलीपाशी जातो. मराठी गद्याच्या पहिल्याच पर्वात हा विचार लिहून ठेवला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

६

कोल्हापूरच्या अर्वाचीन इतिहासात या दोन्ही परंपरा एका प्रसंगात भेटतात. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) राजवाड्याच्या पागेतील गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करण्यास उत्तेजन दिले; कांबळे यांनी शहरात चहाचे दुकान काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानापाशी गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावू लागले. राजाबरोबर खाणेपिणे हा जो मान सोमेश्वराच्या दरबारात निवडक लोकांपुरता होता, त्याच मानाची शक्ती येथे उलट दिशेने वापरली गेली. राजाने प्रजाजनाला आपल्या पंक्तीत घेतले असे नव्हे. तो प्रजाजनाच्या दारी गिऱ्हाईक म्हणून गेला.

येणेप्रमाणे अन्नभोगाच्या अभ्यासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पदार्थांच्या नावांवरून भाषेचा इतिहास सांगता येतो, परंतु त्यांवरून पदार्थाचा इतिहास सांगताना कृती तपासावी लागते. ग्रंथाची भाषा आणि पाकशाळेची भाषा या भिन्न असू शकतात, आणि दक्षिणेत त्या तशा होत्या. तिसरी गोष्ट अशी की भोजनाचे कोणतेही वर्णन पंगतीच्या वर्णनावाचून अपुरे असते. सोमेश्वराने आपल्या ताटातील सारे सांगितले आणि ताटाबाहेरचे, कांडणाऱ्या स्त्रियांच्या ओवीच्या रूपाने, नकळत सांगून ठेवले. त्या ओवीचा उखळातील भाताशी असलेला संबंध ध्यानात ठेवून अन्नभोग पुन्हा वाचला, तर राजाच्या रसिकतेविषयीचा आदर कमी होत नाही. फक्त त्या आदराचे वाटेकरी वाढतात.