सळईला नोटीस लागत नाही

'हॉस्टाइल आर्किटेक्चर' हा शब्द आपल्याकडे नवा आहे, भांडण जुनं आहे. बाकाच्या मध्येच बसवलेलं हँडल, पायरीवरचे खिळे, पुलाखाली रोवलेले दगड, म्हणजे कुणी आडवं होऊ नये म्हणून केलेली सोय. यावर संशोधन करायचं तर पहिला प्रश्न येतो पुराव्याचा.

जुना पुरावा मुबलक आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ३१४ आयुक्तांना रस्त्यावरचं अतिक्रमण नोटीस न देता हटवू देतं. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून गावी पाठवायची घोषणा केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला १० जुलै १९८५ ला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने मानलं; पण कलम ३१४ वैध ठरवलं. फुटपाथवर राहायचा हक्क मिळाला नाही. मिळालं ते एवढंच, की हटवण्याआधी साधारणपणे नोटीस द्या, म्हणणं ऐका. घोषणा, याचिका, निकाल, सगळं कागदावर आहे.

आता मार्च २०१८ बघा. फोर्टमध्ये एचडीएफसी बँकेच्या शाखेबाहेर टोकदार खिळे दिसले, सोशल मीडियावर टीका झाली, बँकेने ते काढले. ते टीकेमुळे गेले, कोर्टामुळे नाही. माझ्या मते खरा बदल इथे आहे. माणसाला हटवायचं तर नोटीस हवी. सळईला नोटीस लागत नाही. ती कुणालाच हटवत नाही, फक्त झोपू देत नाही. मग सुनावणी मागायची कुणाकडे?

परिणाम आकड्यांवरही होऊ शकतो. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री, ते झोपतात तिथे झाली. देशभरात सुमारे १७.७ लाख नोंदले गेले. नेहमीची जागाच गेली, तर मोजणाऱ्याला माणूस सापडणार कसा?

मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. तेच हँडल म्हाताऱ्या माणसाला उठायला आधार देतं. हेतू सिद्ध करावा लागतो. समजा ठाकुर्लीतला एखादा बाक अभ्यासायचाय. स्टेशनवरचा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज रेल्वेकडे, बाहेरच्या रस्त्यावरचा असेल तर महापालिकेकडे. "बाक का बदलला?" असं विचारू नका; खरेदीचा आदेश, नकाशा आणि आलेल्या तक्रारींच्या प्रती मागा. सोबत निवाऱ्यांची यादीही मागा. लाख लोकसंख्येमागे एक निवारा या निकषाने कल्याण-डोंबिवलीत २०११ च्या लोकसंख्येवरच बारा हवेत.

आणि रात्री तिथे झोपणाऱ्याशी बोला. या सगळ्या कागदांत त्याचं म्हणणं कुठेच नसेल.