कोन्त्या गावचे देशमुख?

वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यात कुणी ‘मी देशमुख’ म्हणालं, की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘कोन्त्या गावचे?’ नुसत्या आडनावावरून माणसाचा पत्ता लागत नाही, जातही कळत नाही. मराठा, ब्राह्मण, कायस्थ प्रभू, मुसलमान, सगळ्यांत देशमुख सापडतात.

कारण हे मुळात हुद्द्याचं नाव. गावाला पाटील-कुलकर्णी, तसे परगण्याला देशमुख-देशपांडे. देशमुखाने सारा वसूल करायचा, प्रसंगी हत्यारबंद माणसं घेऊन उभं राहायचं; हिशेबाची दप्तरं देशपांड्याकडे. मोबदल्यात हक्क आणि इनामं, तीही वंशपरंपरेने. अकबराच्या काळात इकडचे अकोट, बाळापूर हे परगणे नरनाळा सरकारात मोडत. पुढे निजाम आला, नागपूरकर भोसले आले. वसुलाला माहितगार माणूस सगळ्यांनाच हवा होता, म्हणून देशमुख टिकला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि वसूल तहसीलदारांकडे गेला. काम सुटलं, नाव राहिलं. तोराही राहिला : देशमुखांची सोयरीक देशमुखांतच, हा वऱ्हाडातला जुना हट्ट.

हुद्द्याखाली मूळ आडनावं मात्र दबली. ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख मूळचे सिद्धये. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख मूळचे कदम.

आडनाव एक म्हणून घर एक, असंही नाही. अमेरिकेत अँड्र्यू आणि लिंडन असे दोन जॉन्सन अध्यक्ष झाले. दोघेही आधी उपाध्यक्ष, दोघांनाही अध्यक्षाचा खून झाल्यावर पद मिळालं. नातं मात्र काडीचं नाही. तसेच आपल्याकडे नेहरूंच्या सरकारात १९५२ पासून दोन देशमुख होते. अर्थखातं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव यांच्याकडे, शेती पंजाबरावांकडे. एक कोकणातले कायस्थ प्रभू, दुसरे वऱ्हाडातले शेतकऱ्याचे पोर. १९५३ मध्ये राजमहेंद्रीच्या दुर्गाबाई चिंतामणरावांशी लग्न करून देशमुख झाल्या, म्हणजे हे नाव एका तेलुगू बाईलाही लागलं.

पंजाबरावांनी ‘देशमुखांतच सोयरीक’ हा हट्ट स्वतःच मोडला. त्यांच्या पत्नी विमलाबाई माहेरच्या वैद्य, सोनार समाजातल्या. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवीचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वर्तमानपत्रं ते ‘पंदेकृवि’ असं आखूड छापतात. अख्ख्या परगण्याच्या हुद्द्यातला तिथे उरतो तो फक्त ‘दे’.