मठाबाहेरच्या धर्मभगिनी : लुईझ द मारियाक

#थ्रेड

१/ सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये आयुष्य देवाला वाहू इच्छिणाऱ्या स्त्रीपुढे एकच मान्य मार्ग होता : मठात जाणे आणि पुन्हा बाहेर न येणे. मग गल्लीबोळांतील आजाऱ्यांकडे जायचे कोणी? या पेचातून वाट काढणाऱ्या लुईझ द मारियाकची ही कथा.

२/ लुईझचा जन्म १५९१ चा. घराणे वजनदार, पण ती विवाहबाह्य संतती होती. तरुणपणी तिने कापुचिन जोगिणींच्या मठात प्रवेश मागितला; नाजूक प्रकृतीमुळे नकार मिळाला. १६१३ मध्ये राणी मारी द मेदिसीच्या एका चिटणिसाशी तिचा विवाह झाला. १६२५ मध्ये तो दीर्घ आजाराने वारला. पदरी एक मुलगा होता.

३/ याच सुमारास तिची गाठ व्हिन्सेंट डी पॉल या धर्मगुरूशी पडली. १६१७ पासून त्याने ठिकठिकाणी स्त्रियांची सेवामंडळे उभारली होती. १६२९ पासून लुईझ गावोगावी जाऊन त्यांची पाहणी करू लागली.

४/ पॅरिसमध्ये मात्र वेगळीच अडचण होती. मंडळांतील प्रतिष्ठित स्त्रिया देणगी देत. परंतु सूपाचे भांडे घेऊन गरिबाच्या खोलीपर्यंत जिने चढायची वेळ आली, की अनेकदा मोलकरणीला पाठवीत.

५/ उत्तर सापडले ते सुरेन गावच्या मार्गरित नासो या गुराखी मुलीत. येणाऱ्याजाणाऱ्यांना अक्षरे विचारून ती वाचायला शिकली होती आणि इतर मुलींना शिकवीत होती. पॅरिसला येऊन ती रुग्णसेवेत रमली. प्लेग झालेल्या एका स्त्रीला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली आणि १६३३ मध्ये त्याच रोगाने तिचा अंत झाला.

६/ त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला लुईझने अशाच काही ग्रामीण मुलींना स्वतःच्या घरी राहावयास आणले. ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संघाचा हा आरंभ.

७/ आता खरा धोका होता कायद्याचा. १५६६ मध्ये पोप पाचव्या पायसने जोगिणींना बंदिस्त मठवास सक्तीचा केला होता. १६१० मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हिजिटेशन’ संघाच्या स्त्रिया आजाऱ्यांच्या घरी जात. १६१८ मध्ये त्यांनाही मठात बंद व्हावे लागले. नाव ‘भेटी’चे राहिले, भेटी मात्र संपल्या.

८/ लुईझ आणि व्हिन्सेंट यांनी बंड केले नाही. त्यांनी व्याख्याच टाळली. या मुली जोगिणी नव्हेतच! पोशाख खेड्यातील स्त्रियांचा, राहणे साध्या घरात, प्रार्थना गावच्या चर्चमध्ये. व्रते खासगी, पुढे ती दरवर्षी नव्याने घेण्याची प्रथा रूढ झाली. जाहीर, आजन्म व्रत नाही, म्हणून मठाच्या भिंतीही नाहीत.

९/ या मोकळेपणामुळेच त्या १६३८ पासून टाकून दिलेल्या अर्भकांचा सांभाळ करू शकल्या, १६४० मध्ये आँजेच्या रुग्णालयात गेल्या आणि १६५२ मध्ये पोलंडलाही पोहोचल्या.

१०/ १५ मार्च १६६० रोजी लुईझ वारली. काही महिन्यांतच व्हिन्सेंटही गेला. तो १७३७ मध्ये संत घोषित झाला; लुईझ १९३४ मध्ये, म्हणजे १९७ वर्षांनी. १९६० मध्ये तिला समाजसेवकांची आश्रयदात्री संत मानले गेले.

११/ मठाबाहेर राहून सेवा करणाऱ्या, साधी व्रते घेतलेल्या संघांना चर्चने खऱ्या अर्थाने धर्मसंघ म्हणून मान्यता दिली ती १९०० मध्ये. लुईझच्या अनुयायिनी मात्र आजही दरवर्षीच व्रत घेतात. दया पुष्कळांच्या मनात होती. तिला रस्त्यावर चालण्याची मुभा राहावी, याची तजवीज लुईझने केली.