माहा माइक वाढव ना!

मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांची यात्रा. रात्रीचे अकरा वाजलेत आणि तू ऑर्केस्ट्राच्या मंडपात, मिक्सरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर. कीबोर्डवाला बोट वर करून खुणावतोय, ढोलकीवाला डोळे वटारतोय, आणि गाणारा तर कडव्याच्या मधेच वाकून सांगतो, "भाऊ, माहा माइक वाढव ना!" तू वाढवतोस. मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. शेवटी स्पीकर अशी शिट्टी मारतो की पुढच्या रांगेतली पोरं कानांवर हात ठेवतात.

मध्यंतर होतं. तू हेडफोन चढवून 'नेव्हरमाइंड' हा रॉक अल्बम लावतोस आणि डोळे मिटतोस.

उघडतोस तेव्हा जून १९९१ आहे. गावाकडे सगळ्यांचे डोळे मृगाच्या पावसाकडे लागलेत. मंगरूळपीर अजून अकोला जिल्ह्यात आहे; वाशीम जिल्हा व्हायला सात वर्षं अवकाश आहे. तू मात्र लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागात, स्क्रीम स्टुडिओतल्या मागच्या सोफ्यावर बसलायस. समोरच्या कन्सोलवर तुझ्या मिक्सरच्या कितीतरी पट पट्ट्या. त्यांच्यावर वाकलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस म्हणजे त्याच अल्बमचं मिक्सिंग करणारा अँडी वॅलेस.

निर्माता बुच विग शेजारीच आहे. मिक्सिंग आधी त्यानंच करून पाहिलं, पण ते मनासारखं उतरेना. मग रेकॉर्ड कंपनीनं मिक्सिंग करणाऱ्यांची यादी पुढे केली. बँडचा गायक कर्ट कोबेननं तळाचं, वॅलेसचं नाव उचललं, कारण त्यानं स्लेअर या मेटल बँडचं काम केलं होतं. स्लेअरचा 'रेन इन ब्लड' आठव: १९८६, दहा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. ढोल इतके वेगात, तरी एकेक ठोका सुटा. त्याचा इंजिनियर हाच.

टेप फिरते. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'. आधी एकटं गिटार, मग डेव्ह ग्रोलचे ढोल आणि सगळा बँड एकदम अंगावर. तुला वाटतं, याच दमात पुढं जाईल. पण कडवं येतं आणि गिटार दोन सुरांवर उतरतं. खाली फक्त बेस आणि ढोल चालत राहतात. वॅलेस ती मोकळी जागा भरायला जात नाही. म्हणून तर ध्रुवपदात भिंत कोसळल्यासारखं होतं. (आपल्या डीजेवाल्यांना इथं आणून बसवायला पाहिजे.)

आता त्याची खरी कारागिरी बघ. स्नेअरच्या ठोक्याखाली तो दुसऱ्या एका ठोक्याचा नमुना हळूच सरकवतो. तो वेगळा ऐकू येत नाही. ग्रोलचा हात ग्रोलचाच राहतो, फक्त ठोक्यामागची गुंज भरते आणि ढोल मोठ्या खोलीत वाजल्यासारखे वाटतात. साधारण दिवसाला एक गाणं हातावेगळं होतं.

बँडला हे मिक्स आवडतं. पुढं जानेवारी १९९२मध्ये मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला हटवून हा अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर जातो, आणि मग कोबेन कुरकुरायला लागतो: फार गुळगुळीत झालंय, पंकपेक्षा मॉटली क्रूसारख्या चकचकीत मेटल बँडच्या जवळचं वाटतं. त्याचं अगदीच चूक नव्हतं, झिलई आहेच. पण ती नसती तर हा आवाज बँडच्या सिॲटलहून मंगरुळापर्यंत पोचला असता का, याची मला शंका आहे.

"भाऊ!" तू हेडफोन काढतोस. मध्यंतर संपलंय. गाणारा पुन्हा वाकलाय, "माहा माइक…"

त्याच्या पट्टीला तू हात लावत नाहीस. कीबोर्डची पट्टी बोटभर खाली घेतोस, ढोलकीची थोडी. गाणाऱ्याचा शब्द मंडपाच्या शेवटच्या कनातीपर्यंत स्वच्छ जातो आणि तो लांबूनच अंगठा दाखवतो.

कीबोर्डवाल्याच्या मात्र लक्षात आलंय. तो वाजवता वाजवता तुझ्याकडंच बघतोय.