वाचनाध्यापन आणि कल्पनाशक्ती

वाचन म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे. शब्दांतून प्रसंग आणि पात्रे मनात उभी करण्याची ती क्रिया आहे. माध्यमिक स्तरावर पाठ दीर्घ व अमूर्त होतात, तेव्हा कल्पनाशक्तीची गरज अधिकच वाढते.

अमेरिकी अभ्यासक लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ मध्येच मांडले, की साहित्याचा अर्थ वाचक आणि संहिता यांच्या देवघेवीतून घडतो. महाराष्ट्रात, लंडनहून अध्यापनाची पदविका घेऊन १९२८ मध्ये परतलेल्या आचार्य अत्रे यांनी ‘नवयुग वाचनमाले’तून मुलांच्या भावविश्वाला पाठ्यपुस्तकात स्थान दिले.

वाशीम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावात कोकणावरील पाठ शिकवताना केवळ शब्दार्थ सांगून भागत नाही. पावसाळ्यात दुथडी वाहणारा नाला विद्यार्थ्यांना प्रथम आठवू द्यावा, त्याचे वर्णन वऱ्हाडीत करू द्यावे आणि मग पाठातील समुद्राकडे वळावे. परिचितावरूनच अपरिचिताची कल्पना करता येते.

कथा मध्येच थांबवून पुढील घटनेचा तर्क करायला लावणे, पात्राच्या वतीने पत्र लिहविणे हेही उपयुक्त मार्ग होत. मात्र प्रत्येक तर्काला उताऱ्यातील आधार मागावा. अन्यथा कल्पना भरकटते आणि वाचन मागे पडते.

दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ विचारले जाते. तेही गाइडमधून पाठ केले, तर गुण मिळतील. वाचक घडणार नाही.