एका नावडत्या ध्वनिमुद्रिकेचें पुनःश्रवण

एखाद्या कलाकृतीविषयीं एकदां बनलेलें प्रतिकूल मत बदलणें मनुष्यास जड जातें. आणि तें सुरुचीच्या नांवाखालीं बनलेलें असलें, तर तें बदलण्याची गरजहि त्यास भासत नाहीं. प्रस्तुत लेखकाची गोष्ट अशीच झाली. कॉलेजांत असतांना वसतिगृहांतील एका मित्राकडे अमेरिकेहून आलेली एक कॅसेट मीं ऐकली होती. कॅलिफोर्नियांतील 'एन. डब्ल्यू. ए.' या कृष्णवर्णी तरुणांच्या रॅप-मंडळीची 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' ही ती ध्वनिमुद्रिका. शिवीगाळ, पिस्तुलांच्या बढाया आणि स्त्रियांची निर्भर्त्सना यांपलीकडे मला तींत कांहीं दिसलें नाहीं. दहा मिनिटांत मीं ती बंद करावयास लावली, आणि मंडळींतील प्रमुख गीतकार आइस क्यूब याचें नांव मनांतून काढून टाकलें.

पुढें अमेरिकेचा अर्वाचीन इतिहास शिकवितांना एक सरकारी पत्र माझ्या वाचनांत आलें. एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपासखात्याच्या एका अधिकाऱ्यानें १ ऑगस्ट १९८९ रोजीं या ध्वनिमुद्रिकेच्या वितरकांस तें लिहिलें होतें. तिच्यांतील एका गाण्यानें (त्याचें नांवहि येथें छापण्याजोगें नाहीं) पोलिसांवरील हिंसेस उत्तेजन मिळतें, असा त्यांत आक्षेप असून, १९८८ सालीं कर्तव्य बजावीत असतां ७८ पोलीस मारले गेले, याची आठवण दिली आहे. हा आंकडा हलक्या मनानें बाजूस सारण्यासारखा नव्हे. परंतु एका गाण्यासाठीं एवढ्या मोठ्या खात्यानें लेखणी कां उचलावी, हें कोडें मला पडलें, आणि तें गाणें मीं प्रथमच अखेरपर्यंत ऐकलें.

त्याची रचना न्यायालयाच्या देखाव्याची आहे. न्यायासनावर मंडळींतीलच एक जण, साक्षीदार तिघे तरुण, आणि आरोपी कोण, तर पोलीस! रस्त्यांत उगाच अडविणें, अंगझडती, मारहाण, हा त्या साक्षींचा विषय. त्यांत सूडाच्या धमक्याहि आहेत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

ही तक्रार काल्पनिक होती काय? लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनीं टोळ्यांच्या बंदोबस्तासाठीं चालविलेल्या 'ऑपरेशन हॅमर' या मोहिमेंत, एप्रिल १९८८ मधील एकाच शनिवार-रविवारीं, हजाराहून अधिक माणसें पकडण्यांत आलीं. त्या पत्राच्या बरोबर एक वर्ष आधीं, १ ऑगस्ट १९८८ रोजीं, डाल्टन ॲव्हेन्यूवरील घरांत मादक पदार्थ शोधण्यास गेलेल्या पोलिसांनीं भिंती व सामानसुमान फोडून टाकलें. हातीं लागलें तें अगदीं थोडें, आणि नगरीस पुढें लक्षावधि डॉलर भरपाई द्यावी लागली. ३ मार्च १९९१ रोजीं रॉडनी किंग यास झालेली मारहाण एका नागरिकानें चित्रित केली. ती साऱ्या जगानें पाहिली. तरीहि २९ एप्रिल १९९२ रोजीं पंचांनीं त्या पोलिसांस जवळजवळ सर्वस्वीं निर्दोष ठरविलें, आणि नंतरच्या दंगलींत ५० हून अधिक माणसें मेलीं.

दप्तरांतील कागद तेवढा पुरावा आणि गाणें म्हणजे गोंगाट, हा माझा समज येथें ढळला. पोवाड्याची साक्ष आपण कागदाशीं ताडून पाहतों, पण ती फेंकून देत नाहीं. तोच न्याय मीं परक्या गायकांस नाकारला होता. शिवाय गाण्यांतला 'मी' म्हणजे प्रत्यक्ष गायकच, असें धरून मीं आणखी एक चूक केली होती. आइस क्यूब हा त्याच सुमारास ॲरिझोनांत वास्तुरेखनाचें शिक्षण घेऊन आला होता. गाण्यांतील दांडगा हें त्यानें उभें केलेलें पात्र होतें.

मात्र ही सबब सर्वत्र लागू पडत नाहीं. याच मंडळींतील डॉक्टर ड्रे यानें १९९१ सालीं एका स्त्री-वार्ताहरास मारहाण केली, आणि २०१५ सालीं आपण दुखविलेल्या स्त्रियांची जाहीर क्षमा मागितली. पोलिसांच्या जुलुमाविषयीं खरें बोलणाऱ्या या तरुणांस आपल्या शेजारच्या स्त्रीचें दुःख दिसलें नाहीं. तेव्हां मला जो वीट आला, तो सर्वस्वीं चुकीचा नव्हता.

२०१७ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें ही ध्वनिमुद्रिका जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत दाखल केली. घरीं ती मुलांबाळांसमोर लावावी, असें मी आजहि म्हणणार नाहीं. परंतु वर्गांत तें सरकारी पत्र वाचावयास देतांना, तें ज्या गाण्याविरुद्ध लिहिलें गेलें त्यांतील तक्रारहि मी आतां विद्यार्थ्यांपुढें ठेवतों. तीस वर्षांपूर्वीं दहा मिनिटें आणखी धीर धरला असता, तर हें मला तेव्हांच कळलें असतें.