आकडा : वीज मंडळ, सरकार आणि न मोजलेली वीज

मराठीत 'आकडा' या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे विजेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला फार लवकर कळते. एक आकडा कागदावर लिहायचा. दुसरा बांबूच्या टोकाला बांधून रात्री तारेवर टाकायचा. गेली काही वर्षे मी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे जुने वार्षिक अहवाल, दरपत्रके आणि समित्यांचे अहवाल मिळतील तसे वाचतो आहे. सुरुवात केली तेव्हा दुसऱ्या आकड्याबद्दल लिहीन असे वाटले होते. वाचता वाचता पहिल्याकडेच ओढला गेलो.

आमच्या गावाकडच्या विहिरीवर मोटारघराच्या भिंतीला एक लोखंडी पेटी होती. तिच्यात मीटर होता. माझ्या आठवणीत तो कधी फिरताना दिसला नाही, आणि तो वाचायला कोणी आल्याचेही आठवत नाही. चुलत्यांना एकदा विचारले, तर म्हणाले, "आरं, वाचायचं काय त्यात? बिल मोटारीच्या ताकदीवर येतंय." तेव्हा मला ते अगदी साहजिक वाटले होते. किराणा दुकानातला तराजू काढून टाकून ग्राहकाच्या पिशवीच्या मापावर पैसे घ्यावेत, तसला हा व्यवहार होता, हे ध्यानात यायला बरीच वर्षे गेली.

मंडळे जन्माला आली तेव्हा असे काही कोणाच्या मनात नव्हते. १९४२ ते ४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, आणि ती देण्याची जबाबदारी सरकारने टाळू नये, ही भूमिका मांडली. आपल्याकडे आंबेडकरांच्या या कामाची चर्चा त्या मानाने कमी होते. पुढे स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात वीज खाते काकासाहेब गाडगीळांकडे आले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९४८ चा वीज पुरवठा कायदा झाला. नमुना बऱ्याच अंशी ब्रिटनच्या १९२६ च्या कायद्याचा होता. वीज सरकारी खात्याने चालवायची नाही, त्यासाठी प्रत्येक राज्यात स्वायत्त मंडळ असावे आणि त्याने शक्यतो तोटा करू नये, अशी त्याची कल्पना होती.

स्वायत्ततेची ही कल्पना कागदावर आठ वर्षे टिकली. १९५६ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ७८-अ आले. धोरणाच्या प्रश्नांवर राज्य सरकार जे निर्देश देईल त्यांनुसार मंडळाने चालावे, असे हे कलम सांगते. वाचायला ते निरुपद्रवी आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने धोरण ठरवू नये, असे कोण म्हणेल? शिवाय कायदा करणाऱ्यांनी एक कडीही घालून ठेवली होती. एखादा प्रश्न धोरणाचा आहे की नाही, यावर सरकार आणि मंडळ यांच्यात वाद झाला, तर तो केंद्रीय वीज प्राधिकरणाकडे जावा आणि त्याचा निर्णय अंतिम असावा. म्हणजे भांडणात पंच तिसरा होता. पण त्या पंचाकडे जायचे कोणी? मंडळाचा अध्यक्ष सरकार नेमणार, सदस्य सरकार नेमणार, कर्ज सरकार देणार. ज्याच्या सहीने खुर्ची मिळाली त्याच्याविरुद्ध दिल्लीला तक्रार घेऊन जाणारा अध्यक्ष कल्पनेत उभा करून पाहावा.

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ २० जून १९६० रोजी अस्तित्वात आले. पहिली पंधरा वर्षे उभारणीची होती. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, तारा खेडोपाडी जाऊ लागल्या, शेतीपंप वाढले. १९६० मध्ये राज्यात वीजपंप काही हजारांत मोजावे लागत. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खणण्याला जो वेग आला, त्याने पंपांची मागणी आणखी वाढली. शतक संपताना ही संख्या वीस लाखांच्या पुढे गेली होती. या कामाचे श्रेय मंडळाला दिलेच पाहिजे. चिखल तुडवत खांब उभे करणाऱ्या वायरमनांची पिढी मी पाहिली आहे.

१९७७ च्या सुमारास शेतीपंपांचे बिल युनिटऐवजी अश्वशक्तीवर आकारायला सुरुवात झाली. ते वर्ष आठवावे. आणीबाणीनंतरच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रातही जबर धक्का बसला होता आणि विधानसभेची निवडणूक पुढच्या वर्षावर आली होती. हे एकट्या महाराष्ट्रात घडले असेही नाही. आंध्रात त्याच सुमारास हीच वाट धरली गेली आणि १९८३ मध्ये सत्तेवर आलेल्या एन. टी. रामाराव यांनी दर वर्षाला अश्वशक्तीमागे ५० रुपयांवर आणला. तमिळनाडूने १९८४ मध्ये लहान शेतकऱ्यांना वीज फुकट केली. पंजाबने १९९७ मध्ये तेच केले.

अश्वशक्तीच्या दराला अभियंत्यांची बाजूही होती, ती सांगितली पाहिजे. विहिरी विखुरलेल्या, मीटर वाचायला माणूस पाठवण्याचा खर्च बिलापेक्षा जड, आणि वाचणाऱ्याशी 'समजूत' करून घेणे सोपे. मोटारीची ताकद एकदा लिहून घेतली की काम संपले. केवळ हिशेबाची सोय म्हणून ही पद्धत वाईट नव्हती. अट एकच होती. दर वेळोवेळी खर्चाबरोबर वाढायला हवा होता. तो मंडळाला वाढवता येईना, कारण तो आता दर राहिला नव्हता, ते आश्वासन झाले होते.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा एक निकाल महत्त्वाचा आहे. रिअल फूड प्रॉडक्ट्स या कंपनीने आंध्रच्या वीज मंडळाविरुद्ध लढलेल्या खटल्यातला हा निकाल मी अनेकदा वाचला आहे. शेतकऱ्यांना स्वस्तात वीज द्यायची तर बोजा उद्योगांवर पडतो. मंडळाने स्वतःची बुद्धी न वापरता सरकारच्या हुकमाने दर ठरवले, असा आक्षेप होता. न्यायालयाने म्हटले की, शेतीपंपांना सवलतीचा, अश्वशक्तीनुसार दर लावा, हे सांगणे धोरणात बसते आणि ते मंडळावर बंधनकारक आहे. पण त्यापुढचा भाग अधिक मोलाचा आहे. नेमका किती रुपये दर, हे सांगणे सरकारच्या धोरणविषयक अधिकाराच्या बाहेर जाऊ शकते आणि मंडळाला तो आकडा पटला नाही तर तो मानलाच पाहिजे असे नाही. मात्र मंडळाने विचार करून तोच आकडा स्वीकारला असेल, तर त्याने आपले काम टाकून दिले असे म्हणता येणार नाही. म्हणजे धोरण सरकारचे आणि आकडा मंडळाचा. सरकारचा आकडा मंडळ मुकाट्याने आपला म्हणत राहिले, तर न्यायालय तरी काय करणार?

समित्यांनी हे आधीच सांगून ठेवले होते. पुढे राष्ट्रपती झालेल्या आर. वेंकटरामन यांच्या समितीने १९६४ मध्ये मंडळांनी गुंतवणुकीवर ११ टक्के परतावा मिळवावा असे सुचवले. १९८० मध्ये व्ही. जी. राजाध्यक्ष समितीने दैनंदिन कारभारातल्या ढवळाढवळीवर बोट ठेवले आणि मंडळे व्यावसायिक पद्धतीने चालवा असे सांगितले. १९८३ च्या दुरुस्तीने तीन टक्के शिल्लक दाखवणे कायद्यानेच सक्तीचे केले. या सक्तीचा परिणाम मोठा मजेदार झाला. अनेक राज्यांत तीन टक्के कमावण्याऐवजी ते लिहिण्याची पद्धत पडली. सरकारकडून येणे असलेले अनुदान उत्पन्नाच्या बाजूला मांडायचे आणि सरकारच्या कर्जावरच्या व्याजातून ते वळते करून घ्यायचे. पैसा जागचा हलत नसे, पण ताळेबंद हसरा दिसे.

आता त्या बंद मीटरकडे परत येतो. मंडळ वीज किती सोडते हे उपकेंद्रावर मोजलेले असते. घरे, दुकाने, कारखाने यांची विक्री मीटरवर मोजलेली असते. दोन्ही वजा केले की जे उरते, त्यात शेतीपंपांनी वापरलेली वीज, तारांत वाया गेलेली वीज आणि चोरी, असे तिन्ही मिसळलेले असते. पंपांना मीटर नसल्यामुळे या उरलेल्या ढिगाची वाटणी अंदाजाने करावी लागे. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. तो वर्षाला हजार तास चालला असे धरले तर ३,७३० युनिट. दीड हजार तास धरले तर ५,५९५. वीस लाख पंपांना हा फरक लावून पाहावा, ३७३ कोटी युनिटांचा होतो. कागदावर तासांचा एक अंदाज बदलला की एवढी वीज चोरीच्या रकान्यातून शेतकऱ्याच्या रकान्यात जाऊ शकते. हे गणित समजावण्यापुरते माझे आहे. पण व्यवहारात जे घडले त्याची दिशा हीच होती.

हे उघड झाले ते सहज नाही. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला आणि मंडळाला पहिल्यांदाच दरवाढीसाठी जाहीर सुनावणीला उभे राहावे लागले. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासगटांनी आणि वीजग्राहकांच्या प्रतिनिधींनी हिशेबाची वही उघडायला लावली. पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती २००० सालच्या आदेशात तीस टक्क्यांच्या वर निघाली. पुढच्या एक-दोन वर्षांत ती चाळिशीजवळ गेली. शेतीचा वापर तेवढ्या प्रमाणात आटला. एका रात्रीत चोर वाढले नव्हते की पिके वाळली नव्हती. वीस वर्षे शेतकऱ्याच्या नावावर जी वीज लिहिली जात होती, तिच्यातला मोठा वाटा त्याने वापरलाच नव्हता.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकते ते हे. शहरातला ग्राहक समजत होता की आपल्या बिलातून शेतकरी पोसला जातो आहे. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या वाट्याला रात्रीची वीज येत होती, तीही कमी दाबाची. मोटारी जळत होत्या, रोहित्र जळाले तर आठवडा-आठवडा बदलून मिळत नव्हते. शरद जोशी सूट-सबसिडीच्या राजकारणाला विरोध करून शेतमालाच्या भावाचा प्रश्न मांडत होते, ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. स्वस्त वीज हा भाव न देण्याचा मोबदला होता. त्या मोबदल्याच्या आडोशाला आणखी कोण कोण उभे होते, हे मीटर नसल्यामुळे दिसत नव्हते.

एन्रॉनबद्दल इथे फार लिहीत नाही, त्यावर पुरेशी शाई खर्च झाली आहे. १९९३ चा करार, १९९५ मध्ये तो रद्द, १९९६ मध्ये पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये वीज सुरू आणि २००१ मध्ये बंद. करारावर सही मंडळाची, पण निर्णय मंत्रालयातले. त्याची छाननी करायला २००१ मध्ये सरकारने माधव गोडबोले यांची समिती नेमली. गोडबोले स्वतः पूर्वी याच मंडळाचे अध्यक्ष होते, एवढी नोंद करून पुढे जातो.

२००३ च्या वीज कायद्याने १९४८ चा कायदा मोडीत काढला. सवलत द्यायची असेल तर सरकारने तिचे पैसे आगाऊ द्यावेत, असे कलम ६५ म्हणते. दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज देऊ नये, असे कलम ५५ म्हणते. हे वाचून २००४ च्या विधानसभा निवडणुकीकडे यावे. विरोधकांनी शेतीला मोफत विजेचे आश्वासन दिले, सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीआधीच ते अमलात आणले. निवडणूक जिंकली. विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या वर्षी योजना मागे घेतली गेली. त्याच २००५ च्या ६ जूनला मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. गावात मात्र लोक अजून 'बोर्डाचा माणूस आला' असेच म्हणतात.

नव्या कायद्यातले कलम १०८ मी बऱ्याच उशिरा बारकाईने वाचले. जुने ७८-अ गेले असे समजत होतो. ते गेलेले नाही, आता त्याचा रोख नियामक आयोगाकडे आहे. सार्वजनिक हिताच्या धोरणात्मक बाबींवर राज्य सरकार आयोगाला निर्देश देऊ शकते. आणि एखादी बाब तशी आहे की नाही, हा प्रश्न उपस्थित झाला तर? जुन्या कायद्यात तो तिसऱ्या पंचाकडे जायचा. नव्या कायद्यात राज्य सरकारचाच निर्णय अंतिम आहे. सुधारणांचा कायदा म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, त्याने ही कडी काढून टाकली.

२०२४ मध्ये, पुन्हा एका विधानसभा निवडणुकीच्या आधी, राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज देणारी योजना आणली. सरकारने महावितरणला द्यायची रक्कम वर्षाला साडेचौदा हजार कोटींहून अधिक आहे. राज्यात अजूनही लाखो शेतीपंप मीटरविना चालतात, म्हणजे त्यांच्यापुरती ही रक्कम ठरते ती अंदाजित वापरावर.

या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मोटारघराची ती पेटी उघडून पाहिली. आत गांधीलमाश्यांचे पोळे होते, मीटर केव्हाच कोणीतरी नेलेला होता. चुलतभावाने जुने बिल दाखवले, त्यावर जोडभार पाच अश्वशक्ती छापलेला होता. विहिरीतल्या मोटारीची खोक्यावरची पाटी त्याने जपून ठेवली होती, ती साडेसातची होती. "आत्ता दोन्ही फुकटच की, दादा," तो म्हणाला. मी दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून घेतले.